न आलेल्या चढाईचा हिशेब

१ मार्च २०२४ च्या रात्री हैदराबादला गच्चीबावलीच्या बंदिस्त स्टेडियममध्ये पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवले आणि प्रो कबड्डी लीगचा चषक पहिल्यांदा पुण्याच्या नावावर लागला. तो उचलणारा कर्णधार नगर जिल्ह्यातला, श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानचा. अस्लम इनामदार. हंगामातला सर्वांत मौल्यवान खेळाडू हा मानही त्यालाच मिळाला.

त्या हंगामाची गुणांची यादी काढून बसले की थोडे कोडे पडते. सर्वाधिक चढाईगुण दबंग दिल्लीच्या आशू मलिकचे, २७६. सर्वाधिक पकडगुण पुण्याच्याच इराणी डाव्या कोपरारक्षकाचे, मोहम्मदरझा शादलूचे, ९९. म्हणजे मौल्यवान ठरलेला खेळाडू यांपैकी एकाही यादीत पहिला नाही. ज्या संघाने साखळीतल्या २२ सामन्यांपैकी फक्त २ गमावले, त्या संघाच्या कर्णधाराची किंमत मग मोजली तरी कशावरून?

या प्रश्नाचे उत्तर बचावात आहे. आणि बचाव ही खेळातली अशी गोष्ट आहे, की ती जितकी चांगली होते तितकी कागदावर कमी उतरते.

दोन वह्या, दोन मापे

प्रो कबड्डीत एका हंगामात सर्वाधिक चढाईगुण मिळवण्याचा विक्रम परदीप नरवालचा आहे. पाचव्या हंगामात, २०१७ साली, पाटणा पायरेट्सकडून त्याने ३६९ गुण घेतले. एका हंगामात पकडीच्या गुणांची शंभरी गाठणारा पहिला खेळाडू यूपी योद्धाचा नितेश कुमार. सहाव्या हंगामातले त्याचे गुण बरोबर १००. शादलूचे त्या खालोखाल, एकाने कमी. दोन्ही कामगिऱ्या आपापल्या जागी शिखरावरच्या, तरी आकड्यांत साडेतीन पटींहून अधिक अंतर.

हे अंतर नियमांतूनच येते. चढाईपटू एकटा जातो आणि एका दमात दोघा-तिघांना बाद करू शकतो. त्यात बोनस रेषेचा गुण मिळाला तर वेगळा. पकडीला मात्र गुण एकच. मैदानात तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरलेले असताना पकड झाली, तरच ती अव्वल पकड ठरून दोन गुण मिळतात. शिवाय पकड सहसा एकट्याची नसते. कोपऱ्याने घोटा धरला, मध्यरक्षकाने धडक दिली, साखळीतल्या दुसऱ्याने कंबर आवळली, तेव्हा कुठे चढाईपटू मध्यरेषेच्या अलीकडे राहतो. गुण मात्र जातो एकाच्या खात्यात.

यापेक्षाही मोठी गळती दुसरीकडेच होते. चढाईला वेळ ३० सेकंदांचा. डावा कोपरा भक्कम असेल तर चढाईपटू त्या बाजूला फिरकतच नाही. उजवीकडे दोन-तीन हात मारतो आणि रिकामा परततो. दोन चढाया अशा रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो' होते. तीत गुण मिळाला नाही तर चढाईपटूच बाद. त्या तिसऱ्या चढाईत पकड करणाऱ्याला गुण मिळतो. ज्याच्या धाकाने आधीच्या दोन चढाया वाया गेल्या, त्या कोपरारक्षकाच्या नावापुढे शून्यच राहते.

अमेरिकेतल्या फुटबॉलची साक्ष

हेच कोडे साता समुद्रापलीकडे दुसऱ्या खेळात अधिक ठळक दिसते. अमेरिकी फुटबॉलमध्ये आक्रमण आणि बचाव यांचे खेळाडूच वेगळे. अकरा जण चेंडू पुढे न्यायला आणि तेवढेच त्यांना रोखायला. तिथली व्यावसायिक लीग, एनएफएल, १९२० मध्ये सुरू झाली. बचावपटूने समोरच्या क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच जमिनीवर आडवे केले की त्याला 'सॅक' म्हणतात. हा शब्द रूढ केल्याचे श्रेय साठच्या दशकात लॉस एंजेलिस रॅम्सकडून गाजलेल्या डीकन जोन्सला देतात. पण सॅकची अधिकृत वैयक्तिक नोंद लीगने सुरू केली ती १९८२ पासून. म्हणजे ज्याने त्या डावाला नाव दिले, त्याच्या स्वतःच्या सॅक अधिकृत वहीत नाहीत.

सन्मानांचेही तसेच. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचा सर्वांत मौल्यवान खेळाडूचा मान तिथे अधिकारवाणीचा समजला जातो. तो आजवर दोनच बचावपटूंना मिळाला आहे. १९७१ मध्ये मिनेसोटाच्या ॲलन पेजला आणि १९८६ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलरला.

त्याहून बोलके उदाहरण डॅरेल रेव्हिसचे. २००७ मध्ये न्यूयॉर्क जेट्सने निवडलेला हा कॉर्नरबॅक, म्हणजे समोरच्या सर्वोत्तम झेल घेणाऱ्याला एकट्याने अडवणारा. त्याचा दबदबा असा वाढला की क्वार्टरबॅक त्याच्या बाजूला चेंडू फेकायचेच टाळू लागले. मैदानाच्या त्या भागाला लोक 'रेव्हिस आयलंड' म्हणू लागले. त्या बेटावर चेंडूच येईना, मग तो अडवायचा कुठून आणि वहीत लिहायचा काय? तरीही २०२३ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. निवडणाऱ्यांना न फेकलेले चेंडूही दिसले होते.

कबड्डीतला कोपरारक्षक हा रेव्हिसचाच भाऊबंद. फरक एवढाच की रेव्हिसला चेंडूची वाट पाहावी लागे. इथे १३ बाय १० मीटरच्या मॅटवर समोरचा माणूस हाताच्या अंतरावर असतो आणि ओढाताणीतला निकाल दोन-तीन सेकंदांत लागतो.

जकार्तात काय तुटले

बचावाला कमी लेखण्याची किंमत भारताने एकदा पुरेपूर मोजली आहे. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डी पदकाच्या खेळांत आली. तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांची सातही सुवर्णपदके भारताची. २०१८ मध्ये जकार्तात उपांत्य फेरीत इराणने भारताला २७-१८ असे रोखले. अजय ठाकूर, परदीप नरवाल यांच्यासारखे चढाईपटू असलेला संघ ४० मिनिटांत १८ गुणांवर अडला, कारण समोर फझल अत्राचलीसारखे कोपरे उभे होते.

इराणी खेळाडू तोवर भारतातच, प्रो कबड्डीत, कसलेले होते. त्याच वर्षीच्या लिलावात यू मुंबाने फझलसाठी १ कोटी रुपये मोजले. लीगमध्ये कोटीचा आकडा गाठणारा पहिला खेळाडू हा असा एक बचावपटू ठरला. २०२३ च्या लिलावात पुण्याने शादलूसाठी २ कोटी ३५ लाख मोजले. त्याच लिलावात तेलुगू टायटन्सने चढाईपटू पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतले. पहिला मान चढाईचाच राहिला. पण गुणांच्या वहीत साडेतीन पटींचे असलेले अंतर बाजारात सुमारे अकरा टक्क्यांवर आले होते. पैसे मोजणाऱ्या संघमालकांना बचावाची किंमत गुणफलकाआधी कळली, असे म्हणायला हरकत नाही.

टाकळीभान ते हांगचौ

अस्लम या बदलत्या काळातला खेळाडू. वडील लवकर गेले, आईने कष्ट करून घर चालवले. थोरला भाऊही कबड्डी खेळणारा, त्याच्यामुळे खेळाची गोडी लागलेली. नगर जिल्ह्याच्या उत्तर भागात, उसाच्या पट्ट्यात, वाढलेल्या कितीतरी पोरांची ही सुरुवात आहे. पुणेरी पलटणने त्याला नवोदितांच्या गटातून संघात घेतले. २०२१-२२ चा आठवा हंगाम करोनामुळे पूर्णपणे बंगळूरमध्ये, प्रेक्षकांविना झाला. अस्लमचे पदार्पण त्या रिकाम्या खुर्च्यांसमोरचे. तिथे तो दिसला तो चढाईपटू म्हणून.

पुढच्या दोन वर्षांत तो अष्टपैलू झाला आणि त्याची खरी किंमत इथे आहे. बहुतेक संघांत नावाजलेला चढाईपटू समोरची चढाई सुरू झाली की साखळीतला सर्वांत कच्चा दुवा असतो. प्रतिस्पर्धी नेमका त्यालाच हुडकतो, कारण त्याला बाद केले की पुढची चढाई लंगडी होते. जो चढाईपटू पकडीतही उभा राहतो, तो प्रतिस्पर्ध्याची ही वाटच बंद करतो. दहाव्या हंगामातल्या पुण्याच्या बचावात कोपऱ्यांवर शादलू आणि गौरव खत्री, मध्यरक्षक म्हणून अबिनेश नदराजन आणि संकेत सावंत होते. या चौघांच्या जोडीला कर्णधारही चढाईपटूला अडवायला पुढे सरकत असे. प्रशिक्षक बी. सी. रमेश यांच्या या संघात हुडकायला कच्चा दुवाच उरला नव्हता. अंतिम सामन्यात हरियाणाला २५ गुणांवर रोखणे ही त्याचीच पुढची पायरी.

मधल्या काळात अस्लमने देशाचा पोशाखही चढवला. जून २०२३ मध्ये बुसानला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत भारताने इराणला हरवले, त्या संघात तो होता. ७ ऑक्टोबर २०२३ ला हांगचौच्या आशियाई स्पर्धेतही अंतिम सामन्यात इराणच समोर होता. भारत ३३-२९ असा जिंकला आणि जकार्तात गेलेले सुवर्ण परत आले. महाराष्ट्राचे त्या संघात दोघे, अस्लम आणि आकाश शिंदे.

तो सामना गाजला तो बचावाच्याच एका प्रश्नावर. शेवटच्या मिनिटांत पवन सेहरावत कुणालाही स्पर्श न करता मैदानाच्या कडेच्या राखीव क्षेत्रात, म्हणजे लॉबीत, गेला आणि त्याच्यामागोमाग इराणी बचावपटूही तिथे उतरले. स्पर्श झालेला नसताना राखीव क्षेत्रात पाय टाकणारा बचावपटू बाद की नाबाद, यावर आंतरराष्ट्रीय नियम एक सांगत होता आणि प्रो कबड्डीचा नियम दुसरे. वादात सामना सुमारे तासभर थांबला. पकड कुठे करायची याइतकेच कुठे करायची नाही, पाठलाग कुठे सोडायचा, हे बचावपटूला ठाऊक असावे लागते. सुवर्णपदकाचा निकाल त्या दिवशी या शहाणपणाभोवती फिरला.

गुडघा, नोकरी आणि वय

बचावपटूचे शरीर हेच त्याचे भांडवल आणि तेच आधी झिजते. अमेरिकी फुटबॉलमध्ये १३५ किलोंहून जड गडी बचावाच्या पहिल्या फळीत सहज दिसतात. पुरुषांच्या कबड्डीत वजनाची मर्यादा ८५ किलोंची. त्यामुळे वजन वाढवून पकड भक्कम करण्याची सोय इथे नाही. सगळा भार घोटे, गुडघे, खांदे आणि बोटांवर येतो.

दुखापत दोन्हीकडे सारखीच निष्ठुर. भारतीय वडिलांचा मुलगा असलेला ब्रँडन चिलार हा लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतला खेळाडू, २००४ च्या निवडीत चौथ्या फेरीत सेंट लुईस रॅम्सकडे गेला आणि २००८ पासून ग्रीन बे पॅकर्सकडून खेळला. पॅकर्सने फेब्रुवारी २०११ मध्ये सुपर बोल जिंकला, तेव्हा तो जायबंदी खेळाडूंच्या यादीत होता. विजेतेपदाची अंगठी मिळाली, पण अंतिम सामना बाहेर बसून पाहावा लागला. पुढे हाच चिलार भारतात अमेरिकी फुटबॉल रुजवू पाहणाऱ्या एलिट फुटबॉल लीगशी जोडला गेला. तिच्यात पुणे मराठाज आणि मुंबई ग्लॅडिएटर्स असे दोन संघ महाराष्ट्राचे होते. २०१२ मध्ये एक हंगाम झाला, त्याचे सामने कोलंबोत खेळवले गेले. लीग पुढे टिकली नाही. आपल्या मातीत त्या खेळाची तालीमच नव्हती.

अस्लमच्या वाट्यालाही असा हंगाम आला. २०२४ च्या अकराव्या हंगामात गुडघ्याच्या दुखापतीने तो अर्ध्यातून बाहेर पडला. बाराव्या हंगामात तो कर्णधार म्हणून परतला आणि संघ पुन्हा अंतिम फेरीत पोचला. ३१ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीत दबंग दिल्लीने पुण्याला ३१-२८ असे हरवले. त्या विजेत्या संघात फझल अत्राचली होता, वय ३३. त्याने पहिला चषक जिंकला होता २०१५ मध्ये, यू मुंबाकडून. चढाईपटूची ताकद पायांच्या वेगात असते आणि वेग वयाबरोबर उतरतो. कोपरारक्षकाची ताकद समोरच्याचा पुढचा पाय कुठे पडणार हे ओळखण्यात असते. ती वयाबरोबर वाढते. शरीराने साथ दिली तर बचावपटूची कारकीर्द लांब चालते, ती अशी.

प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये आली. त्याआधी महाराष्ट्रात कबड्डीपटूची कारकीर्द म्हणजे नोकरी. महिंद्र, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, रेल्वे, पोलीस यांच्या संघांत जागा मिळाली की घर मार्गी लागे. आजही शासकीय नोकऱ्यांतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणाकडे गावोगावची पोरे डोळे लावून असतात. लीगने त्याला दुसरी वाट जोडली आणि नगर जिल्ह्यातून त्या वाटेने अस्लमसोबत शंकर गदईही गेला, गुजरात जायंट्सकडून खेळला. मार्च २०२४ मध्ये पुण्याच्या विजेतेपदानंतर तीनच आठवड्यांनी नगरच्या वाडिया पार्कात ७० वी वरिष्ठ राष्ट्रीय कबड्डी स्पर्धा भरली. जिल्ह्याचे नाव तेव्हा अजून कागदोपत्री अहमदनगर होते. देशभरातले चढाईपटू आणि कोपरारक्षक त्या चार दिवसांत नगरकरांनी घरच्या मैदानावर पाहिले.

वहीत एक रकाना

प्रो कबड्डीच्या आकडेवारीत आज पकडीचे बरेच तपशील मिळतात. यशस्वी पकडी, फसलेल्या पकडी, अव्वल पकडी, एका सामन्यात पाच पकडगुण घेतल्याचे 'हाय फाइव्ह'. गावच्या स्पर्धेत यांतले थोडेच टिपले जाते आणि पोराची निवड मात्र तिथूनच सुरू होते. तालुक्याच्या मैदानावर बारा चढाईगुण घेणारा पोरगा सगळ्यांच्या लक्षात राहतो. ज्याच्या कोपऱ्याकडे अख्ख्या सामन्यात कुणी गेले नाही, तो निवडकर्त्यांच्या नजरेतून निसटतो.

उपाय खर्चिक नाही. गुणलेखकाच्या वहीत प्रत्येक चढाईपुढे दोनच खुणा वाढवायच्या: चढाईपटूने कोणत्या बाजूला हात टाकला आणि कोणती बाजू सोडली. तीन-चार सामन्यांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की कुणाला टाळले जाते ते आपोआप समोर येईल. अमेरिकेला सॅक लिहून ठेवायला ६२ वर्षे लागली. श्रीरामपूर, राहाता, नेवाशाच्या मैदानांवर हे येत्या हंगामात सुरू करता येईल. मग टाकळीभानच्या पुढच्या पोराला नाव कमवायला आधी चढाईच करून दाखवली पाहिजे, अशी सक्ती राहणार नाही.