छोटा अग्निबाण आणि कर्जत-खालापूरचें शिवार



दिवाळींत बाटलींत उभा करून सोडलेला बाण आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याला बांधलेली ती लांब काडी कशासाठीं असते, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारीत नाहीं. काडी काढून टाकिली तर तोच बाण सरळ वर न जातां अंगणांत सैरावैरा धांवूं लागतो. अग्निबाणाच्या शास्त्राचा पहिला धडा या काडींतच आहे. तयार संचांतून जुळविला जाणारा मोठ्या शक्तीचा नमुन्याचा अग्निबाण कसा बनतो, कसा उडतो, आणि कर्जत-खालापूरच्या शिवारांत तो उडवावयाचा झाल्यास कशाकशाचा विचार करावा लागेल, हें आज मी सांगणार आहें.

उडणारी वस्तु आपल्या गुरुत्वमध्याभोंवतीं फिरते. तिच्यावर पडणारा हवेचा सर्व दाब ज्या बिंदूंत एकवटला आहे असें मानतां येतें, त्यास दाबमध्य म्हणावें. हा दाबमध्य गुरुत्वमध्याच्या मागें, म्हणजे शेपटीकडे असला, तर बाण तिरपा होतांच हवाच त्याची शेपटी ढकलून त्याला पुन्हा सरळ करते. तो पुढें असला, तर बाण उलटतो. काडीमुळें दाबमध्य मागें जातो; नमुन्याच्या अग्निबाणांत हेंच काम शेपटीचे तीन-चार पंख करितात. या दोन बिंदूंत निदान नळीच्या व्यासाइतकें अंतर असावें, असा सर्वमान्य नियम आहे. मात्र गुरुत्वमध्य मोजावयाचा तो इंधन भरलेली मोटार आंत बसविल्यावर. कारण मोटारीचें वजन शेपटीकडे असतें आणि रिकाम्या बाणाचा तोल फसवा ठरतो.

संचांत जाड कागदाची किंवा काचतंतूंची नळी, निमुळता शेंडा, पंख, मोटार बसविण्याची आंतली नळी, लवचिक दोरी आणि हवाई छत्री इतक्या वस्तु असतात. पंख बाहेरच्या नळीवर नुसते चिकटवून भागत नाहीं. नळीस खांचा पाडून ते आंतल्या नळीपर्यंत नेतात आणि दोन्ही ठिकाणीं एपॉक्सीनें पक्के करितात. कारण वेगांत थरथरून पंख निखळला, तर स्थैर्यही त्याच्याबरोबर गेलें. छत्रीची घडी नीट घालणें हें दिसावयास क्षुल्लक काम आहे. परंतु ती न उघडल्यास दीड-दोन किलोचा बाण दगडासारखा खालीं येतो.

मोटारींची वर्गवारी इंग्रजी अक्षरांनीं होते, आणि प्रत्येक पुढच्या अक्षरागणिक एकूण आवेगाची मर्यादा दुप्पट होते. ‘ए’ची मर्यादा अडीच न्यूटन-सेकंद, तर ‘जी’ची १६०. त्यापुढें ‘एच’पासून मोठ्या शक्तीचा वर्ग सुरू होतो. अमेरिकेंत त्यासाठीं उडविणाऱ्यास परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवावें लागतें. हा सर्व छंदच मुळीं सुरक्षिततेच्या काळजींतून जन्मला. घरींच दारू कालवून बाण बनवितांना मुलें जखमी होत, हें पाहून जी. हॅरी स्टाइन या अग्निबाण-अभियंत्यानें १९५७ सालीं एक लेख लिहिला. तो वाचून नेब्रास्कांतील जोड्यांचे दुकानदार ऑर्व्हिल कार्लाइल यांनीं त्याच्याशीं पत्रव्यवहार केला. कारखान्यांत भरलेली मोटार आणि कागदाचा हलका बाण ही कल्पना त्यांनीं आधींच साधली होती. मुलानें इंधनाला हातच लावूं नये, हें त्यांतील सार होय.

मोठ्या मोटारींतील इंधन बहुधा अमोनियम परक्लोरेट, ॲल्युमिनियमची पूड आणि त्यांना धरून ठेवणारें रबरासारखें द्रव्य यांचें असतें. याच जातीचें घन इंधन आपल्या अंतराळ-अग्निबाणांतही वापरतात. पुण्यांत जन्मलेले डॉ. वसंत गोवारीकर यांनीं थुंबा येथें घन इंधनाच्या संशोधनाची धुरा वाहिली आणि १९७९ ते १९८५ या काळांत विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचें संचालकपद भूषविलें. थुंबाहून १९६७ च्या नोव्हेंबरांत उडालेला ‘रोहिणी-७५’ हा बाण केवळ ७५ मिलिमीटर व्यासाचा होता. हौशी माणसांचे पुष्कळ बाण आज तेवढ्याच जाडीचे असतात. यावरून हें खेळणें किती गंभीर आहे याची कल्पना यावी.

आतां शिवाराकडे वळूं. कर्जत तालुका उल्हास नदीच्या खोऱ्यांत, तर खालापूर पाताळगंगेच्या. भातकापणी झाली, म्हणजे नोव्हेंबरानंतर, हीं खाचरें मुंबईकरास मोकळीं मैदानें वाटतात. समजा, आपला बाण ६०० मीटर उंच गेला आणि तेथेंच मोठी छत्री उघडली. सेकंदास ५ मीटर या गतीनें उतरावयास त्याला १२० सेकंद लागतील. वाराही सेकंदास ५ मीटर असला, म्हणजे झाडाचीं पानें आणि बारीक डहाळ्या सतत हलविण्याइतका, तर बाण ६०० मीटर दूर जाऊन पडेल. तेवढ्या अंतरांत येथें काय नाहीं? नदी आहे, कर्जत-खोपोली लोहमार्ग आहे, द्रुतगती महामार्ग आहे, आणि १९१५ सालीं सुरू झालेल्या खोपोलीच्या जलविद्युत्-केंद्रापासून मुंबईकडे गेलेल्या उच्च दाबाच्या तारा आहेत. तारेंत अडकलेल्या बाणास हात घालणें म्हणजे प्रत्यक्ष मृत्यूस हात घालणें होय.

यावर तोड आहे. शिखरावर एक लहान छत्री उघडावयाची आणि मोठी छत्री जमिनीपासून १५० मीटरांवर. वरचे ४५० मीटर बाण सेकंदास २० मीटर गतीनें साडेबावीस सेकंदांत उतरेल, आणि उरलेले १५० मीटर ३० सेकंदांत. एकूण वाहणें सुमारें २६० मीटर. म्हणजे निम्म्याहूनही कमी. तरीही अमेरिकेंतील संघटनेच्या नियमाप्रमाणें मोठ्या शक्तीच्या बाणासाठीं मैदानाची लहानांत लहान बाजू उड्डाणाच्या उंचीच्या निम्मी किंवा सुमारें ४५७ मीटर, यांपैकीं जें अधिक असेल तेवढी हवी. बांधांनीं चिरलेल्या आणि वस्त्यांनीं वेढलेल्या खाचरांत इतकी जागा सांपडणें कठीण. शिवाय तीं रिकामीं नसतातच: भातामागून जमिनीच्या ओलीवर वाल पेरलेला असतो, पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या असतात, आणि डोंगरउतारांवरील गवत वाळून कोळ झालेलें असतें. एक ठिणगी कोणाच्या तरी वर्षाच्या वैरणीस पुरे. पडलेला बाण शोधण्यासाठीं दहा माणसें वालांतून धांवलीं, तर नुकसान शेतकऱ्याचें आणि मौज आपली!

कायद्याचाही विचार हवा. आपल्याकडे असें इंधन स्फोटक पदार्थांच्या कायद्याखालीं येतें. मूळ कायदा १८८४ चा, आणि त्याची अंमलबजावणी करणाऱ्या खात्याचें मुख्य कार्यालय नागपुरास आहे. ऑक्टोबर २०२५ मध्यें नवी मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन झाल्यापासून या आकाशाचा पश्चिमेकडील शेजारही बदलला आहे. तेव्हां मोटारीचा परवाना, आकाशाची परवानगी, पोलिसांस सूचना आणि शेतमालकाची संमति, या चारही गोष्टी संस्थेच्या द्वारें मिळविल्याखेरीज असा बाण उडवूं नये. घरांत इंधन कालविण्याचा विचार तर मनांतही आणूं नये. बोटें आणि डोळे गेल्यावर परत मिळत नाहींत.

मग आपल्या मुलानें काय करावें? संच जुळवावा, गुरुत्वमध्य काढावा, वाऱ्याचें गणित वहींत मांडावें. आणि उडवावयाचा झाल्यास पाण्याचा बाण उडवावा. सोडावॉटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीस पुठ्ठ्याचे पंख लावावे, तिसरा हिस्सा पाणी भरावें आणि सायकलच्या पंपानें हवा दाबावी. बूच सुटतांच पाणी खालीं आणि बाटली वर, हा न्यूटनचा तिसरा नियम! बाटली फुटूं शकते, म्हणून दाब बेताचा ठेवावा, उडविणाऱ्यानें लांब दोरीनें बूच ओढावें आणि बाटलीवर वांकूं नये. तिला परवाना लागत नाहीं, गवत पेटत नाहीं, आणि पंख कमी पडल्यास ती कशी उलटते, तें स्वच्छ दिसतें. पुढें हाच मुलगा एखाद्या महाविद्यालयाच्या अग्निबाण-मंडळांत गेला, तर काडीचा धडा त्याला नव्यानें शिकावा लागणार नाहीं.