घाट उतरून माहेरी, सायकलवर

माझं माहेर घाटाखाली आणि सासर घाटावर. आमच्या बुलडाणा जिल्ह्यात एवढं सांगितलं की पुरतं. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. वर बुलडाणा, चिखली, मेहकर. खाली मोताळा, मलकापूर, नांदुरा. वर हवा थंड, खाली ऊन कडक. सोयरीक जमवताना आजही विचारतात, "पोरगी घाटावर देता का?"

मला दिली, त्याला आता २४ वर्षं झाली. तेव्हापासून राजूर घाट मी एसटीच्या खिडकीतूनच पाहत आले. जाताना हसत, येताना पदराने डोळे पुसत. गेल्या हिवाळ्यात मात्र तोच घाट मी सायकलवरून उतरले, वयाच्या ४७ व्या वर्षी! अजून कुणाला खरं वाटत नाही.

त्याचं असं झालं. लेक शिकायला पुण्याला गेली आणि तिची गिअरची सायकल पोर्चमध्ये धूळ खात पडली. "आई, विकून टाक ना," ती फोनवर म्हणाली. मी "बरं" म्हटलं खरं, पण मन काही होईना. कारण माझी स्वतःची सायकल आठवली. बाबांच्या मोठ्या सायकलवर मधून पाय घालून हाफ पायडल मारत मी शिकले. आठवीत स्वतःची सायकल मिळाली, दहावीपर्यंत रोज शाळेला तिच्यावरच गेले. दहावी झाली तशी आईने ती भावाला दिली. "आता तू मोठी झाली," एवढंच कारण. मी तेव्हा काहीच बोलले नाही. बोलायचं असतं, हेच माहीत नव्हतं.

लेकीची सायकल मी विकली नाही. दुकानातून हवा भरून आणली आणि जाऊबाईंना म्हटलं, "उद्या पहाटे याल का सोबत?" त्यांच्याकडे मुलाची जुनी सायकल होती. पहाटेची वेळ निवडली, कारण रस्ते मोकळे असतात आणि, खरं सांगते, बघणारेही कमी असतात.

पहिले आठ दिवस २१ गिअर म्हणजे २१ कटकटी वाटल्या. मग गणित कळलं. पुढे पायडलजवळची दातेरी चकती लहान आणि मागच्या चाकाची मोठी, म्हणजे पाय जास्त वेळा फिरतात पण जोर कमी लागतो. ते चढासाठी. सपाटीला याच्या उलट. आणि गिअर चढ लागण्याआधीच बदलायचा. चढावर दम लागल्यावर बदलायला गेलं की चेन कडकड वाजते, कधी निसटतेही. स्वयंपाकघरात आपण पाहुणे दारात आल्यावर कुकर शोधत नाही ना, तसंच!

दहाव्या दिवशी मी पडले. मुरमाचा उतार होता, घाबरून पुढचा ब्रेक एकदम दाबला आणि सायकलीच्या आधी मी खाली पोहोचले. कोपर सोललं. सासूबाई हळद लावता लावता म्हणाल्या, "या वयात हातपाय मोडून घ्यायचे का?" वाटलं, संपलं सगळं. दुसऱ्या दिवशी मी उठलेच नाही, तर दाराशी आवाज आला, "आज जायचं नाही का? दूधवाला येईपर्यंत परत ये म्हणजे झालं." त्या दिवसापासून कुणी काही म्हटलं तरी मला फरक पडला नाही.

हळूहळू डांबरी रस्ता सोडून आम्ही बैलगाडीच्या चाकोऱ्यांवर आणि गुरांच्या वाटांवर जाऊ लागलो. लेक म्हणाली, "आई, याला माउंटन बायकिंग म्हणतात!" तिने सांगितलं की १९७० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या काही तरुणांनी जाड टायरच्या जुन्या सायकली टॅमलपाइस डोंगरावरून खाली पळवायला सुरुवात केली, आणि त्यातून हा प्रकार वाढला. इंग्लंडात तर विंचेस्टर ते ईस्टबोर्न अशी १६० किलोमीटरची वाट खडूच्या डोंगरांवरून जाते. होय, फळ्यावर लिहितो त्या खडूसारख्या पांढऱ्या दगडाचे डोंगर! लोक तिथे मुद्दाम सायकली घेऊन जातात.

आपला दगड काळा. लाव्हारसाचे थरावर थर साचून झालेला, म्हणून आपल्या टेकड्या पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात. एक पायरी चढली की थोडी सपाटी, मग पुन्हा चढ. एसटीत बसून हे कधी कळलं नव्हतं, मांड्यांना बरोबर कळलं. पावसाळ्यानंतर उतारांवर सीताफळं लगडतात, सागाची पानं गळून वाटेवर वाजतात, कधी समोरून मोर धावत जातो.

आणखी एक गोष्ट मला इथेच उमगली. बुलडाण्याजवळच्या या रांगेत पैनगंगा उगवते आणि मेहकरवरून पूर्वेकडे जाते. तिचं पाणी वर्धेतून गोदावरीला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतं. त्याच रांगेतून नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा घाटाखाली उतरतात, पूर्णेला मिळतात, आणि ते पाणी तापीतून अरबी समुद्राला जातं. म्हणजे माझ्या सासरचं पाणी एका समुद्राला आणि माहेरचं दुसऱ्या. शाळेत भूगोलात हे वाचलं असेलही, पण धारेवर सायकल उभी करून दोन्हीकडे पाहिलं तेव्हा ते खरं वाटलं.

एका रविवारी आम्ही चौघी जणी टेम्पोत सायकली टाकून सिंदखेडराजाला गेलो. १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मदिवशी तिथे मोठी गर्दी असते, म्हणून मुद्दाम नंतरचा दिवस धरला. एरवी गाडीतून उतरून राजवाड्यात डोकं टेकवायचं आणि परत फिरायचं. या वेळी लखुजीराव जाधवांची समाधी, पुतळा बारव, मोती तलाव असं सगळं सावकाश फिरलो. बारवेच्या पायऱ्यांवर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. एक आजीबाई आम्हाला बघून थांबल्या. "जिजाऊच्या गावात बाया सायकलीवर आल्या, चांगलं झालं," म्हणाल्या. आम्हाला तेवढं बक्षीस पुष्कळ होतं.

मैत्रिणींनो, तुम्हालाही जावंसं वाटलं तर अनुभवाचे चार शब्द सांगते. सीट अशा उंचीला ठेवा की पायडल खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील. गुडघे दुखायचे थांबतात. उतारावर बसकण मागे सरकवा आणि दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबा. गिअरच्या सायकलीला बहुधा चेनकव्हर नसतं, तेव्हा ओढणी कमरेला घट्ट बांधा, सलवारचा पायचा रबराने आवळा. आपल्याकडे बाभळीचे काटे फार, म्हणून पंक्चरचं सामान आणि पंप जवळ हवाच. पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस काळ्या रानात जाऊ नका. माती चाकाला अशी चिकटते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. हेल्मेट घाला. एकट्या जाऊ नका, घरी वाट सांगून जा. आणि ज्ञानगंगा अभयारण्यात आपल्या मनाने शिरू नका. तिथे बिबटे आहेत, अस्वलं आहेत. २०१९ मध्ये टिपेश्वरचा एक वाघसुद्धा शेकडो मैल चालून तिथे पोहोचला होता! वनखात्याला विचारल्याशिवाय त्या बाजूला नकोच.

आता घाटाची गोष्ट. आम्ही तिघी, आणि मागे मोटारसायकलवर जाऊबाईंचा मुलगा. ट्रकवाल्यांना नीट दिसावं म्हणून उजाडल्यावर निघालो. वळणावळणाला ब्रेक धरून बोटं आखडली. दोनदा थांबलो, हात झटकले, पाणी प्यालो. शेवटचं वळण संपलं आणि खालचं कपाशीचं रान समोर पसरलं. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणी 'नेऊन न सोडता' माहेरी चालले होते.

आई ओट्यावर निवडणं घेऊन बसली होती. बघतच राहिली. "अवं माय, एसटीनं नाई आली? पडली असती म्हंजे?" मग हेल्मेट हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं. चहा झाला. बराच वेळ गेला. एकदम म्हणाली, "तवा म्या तुही सायकल दादाले देली. तुले राग आला असंन."

"आला होता," मी म्हटलं. तीस वर्षांनी का होईना, बोलले.

आई काही बोलली नाही. अंगणात भाचीची सायकल उभी होती. ती नववीत आहे. आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात, त्यातलीच ती. तमिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत हजारो बाया सायकल शिकल्या, आणि त्यात लेकुरवाळ्याही होत्या. आपल्याकडे मात्र मुलीला सायकल मिळते ती शाळेपुरती. शाळा सुटली की सायकलही सुटते, आणि पुढे कुठेही जायचं तर कुणीतरी सोबत न्यावं लागतं.

निघताना आईने भावजयीला हाक मारली. भाचीच्या सायकलीकडे बोट दाखवून म्हणाली, "इची सायकल बारावी झाल्यावरबी इच्याजवळच राहू द्या. कोनाले द्यायची नाई."

परतताना निम्मा घाट आम्ही सायकली हातात धरून चढलो, ते काही लपवत नाही. पुढच्या हिवाळ्यात पाऊण घाट तरी बसूनच चढायचा, असं जाऊबाईंनी आताच ठरवून टाकलंय.