मनगटातली कळ आणि कळफलकाची कळ

मार्च जवळ आला की इतवारी, गांधीबागेतल्या दुकानांत हिशेब लिहिणारी मंडळी दवाखान्यात जरा जास्त दिसू लागतात. उजवा खांदा भरून येतो, मनगट ठणकते, अंगठ्याच्या मुळाशी कळ मारते. मलम चोळून झालेले असते, पट्टाही बांधून झालेला असतो. मी आधी विचारतो, ‘माऊस कुठे ठेवता?’

संगणकाच्या कळफलकाला, म्हणजे कीबोर्डला, उजव्या टोकाशी आकड्यांची बटणे असतात आणि माऊस त्यांच्याही पलीकडे. उजवा हात आकडे टाकतो, बाहेर लांबून माऊस धरतो, बाण नेमक्या जागी नेऊन टिचकी मारतो, पुन्हा आकड्यांवर येतो. दिवसातून शेकडो वेळा. डावा हात बिले धरून स्वस्थ! लांबवलेल्या हाताचा भार खांदा व मान पेलतात, मनगट वर वाकलेले राहते, अंगठ्याच्या शिरा ताणल्या जातात.

गंमत अशी की, ही मंडळी ज्या टॅलीवर काम करतात ते माऊसला हात न लावताही चालवता येते. श्यामसुंदर गोयंका व त्यांचे चिरंजीव भरत यांनी १९८६ साली सुरू केलेल्या कंपनीचे हे सॉफ्टवेअर. विक्रीची नोंद एफ ८, खरेदीची एफ ९, पैसे दिल्याची एफ ५, आल्याची एफ ६. नोंद जतन करायला कंट्रोल व ए. २०२० साली आलेल्या टॅलीप्राइममध्ये ऑल्ट व जी दाबले की एक चौकट उघडते. हव्या त्या पत्रकाच्या नावाची दोन-चार अक्षरे टाका, नाव समोर येते, एंटर मारा. मेनूमागून मेनू उघडत बसायला नको. एक्सेलमध्ये ऑल्ट दाबून सोडले की पडद्यावरच्या आज्ञांवर अक्षरे उमटतात; पाठांतर नको, बघून दाबायची. मात्र हे मार्चच्या धामधुमीत शिकायला बसू नका. एप्रिलमध्ये, आठवड्याला दोन-तीन बटणे पुरेत.

दोन बटणे एकाच हाताची बोटे ताणून दाबली तर दुखणे फक्त जागा बदलेल. एक बटण डाव्या हाताने, दुसरे उजव्याने दाबावे. बोटांत संधिवात असेल तर विंडोजमध्ये शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबा आणि येणाऱ्या प्रश्नाला होकार द्या. मग जोडबटणे एकामागून एक दाबली तरी चालतात. कोपर अंगाशी, मनगट सरळ, अर्ध्या-पाऊण तासाने हात खाली सोडून उठावे. वाचलेल्या वेळात मालक आणखी बिले पुढे सरकवतो, ही अडचण मला ठाऊक आहे. तरीही उठावे.

रात्री अंगठा, तर्जनी, मधले बोट यांना मुंग्या येऊन जाग येत असेल, हात झटकल्यावर बरे वाटत असेल, तर मात्र सगळा दोष माऊसवर टाकू नका. मनगटात मज्जातंतू दाबला गेल्याचे, म्हणजे ‘कार्पल टनेल’चे, हे लक्षण असू शकते. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, गरोदरपण यांतही ते दिसते. म्हणून रक्तातील साखर व थायरॉइड तपासून घ्यावे. शर्टाचे बटण लावता येईना, हातातून कप निसटू लागला किंवा अंगठ्याखालचा मांसल उंचवटा सपाट होत चालला, तर मार्च संपण्याची वाट पाहू नये. फार दिवस दाबलेला मज्जातंतू शस्त्रक्रियेनंतरही पूर्ववत होईलच असे नाही.