रोल कॉल, रात्री नऊ

"दारू सुटली, पण घर गेलं, असा माजी सैनिक आपल्या ठाणे-कल्याण पट्ट्यात राहतो कुठे, तेवढं बघून ये," असं संपादकांनी सांगितलं आणि मी एखादी इमारत शोधायला निघाले. दारावर पाटी असेल, रजिस्टरवर सही करून आत जावं लागेल, असं काहीतरी डोक्यात होतं. पोचले ती कल्याण पूर्वेच्या एका चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत. तीन लोखंडी खाटा, प्रत्येक खाटेखाली एक ट्रंक, आणि खिळ्याला सुतळीनं टांगलेली शंभर पानी वही. या वहीत रोज रात्री नऊ वाजता हजेरी लागते.

हजेरी घेणारे गृहस्थ मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले हवालदार आहेत. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. ते ज्या संघटनेमुळे दारूपासून दूर आहेत, त्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसमध्ये नाव बाहेर न सांगण्याची परंपरा आहे आणि ती त्यांनी कसोशीनं पाळली आहे. चाळीत त्यांना सगळे 'हवालदार' म्हणतात. मीही तेच म्हणते.

संघटनेचा इतिहास थोडक्यात असा. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस आणि बॉब स्मिथ हा सर्जन, असे दोन दारुडे एकमेकांशी बोलत बसले आणि बोलत असताना प्यावंसं वाटत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. १० जून हा संघटनेचा स्थापनादिन मानतात. भारतात हे काम १९५७ पासून आहे. पहिल्या महायुद्धात विल्सन तोफखान्यात अधिकारी होता आणि त्यानं पहिला प्याला घेतला तो लष्करी प्रशिक्षणाच्या काळात. हे मी हवालदारांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे आपल्यातलाच होता की."

त्यांच्याबरोबर मी मिटिंगला गेले. बाहेरच्यांना बसता येईल अशी ती खुली मिटिंग होती. शाळेचा वर्ग, फळ्यावर अर्धवट पुसलेला पाढा, मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेली पन्नाशीची माणसं. किल्ली हवालदारांकडेच असते, त्यामुळे ते पाऊण तास आधी जातात. बाक सरळ रेषेत लावतात, एक डोळा मिटून रेष तपासतात, वाकडा दिसला तर पुन्हा हलवतात. भिंतीवर कापडी बॅनर चढवायचा, स्टीलच्या थर्मासमधला चहा मोजक्या कपांत ओतायचा, पैसे गोळा करायची थैली टेबलावर ठेवायची. थैली फिरते ती फक्त सदस्यांत. मी नोट काढली तर त्यांनी हात आडवा धरला. बाहेरच्यांचा पैसा घ्यायचा नाही, अशी यांची सातवी परंपरा आहे.

मग एकेक जण उभा राहतो, नाव सांगतो, आपण अल्कोहोलिक आहोत असं सांगतो आणि बोलतो. कुणी मध्ये बोलत नाही, सल्ला देत नाही. त्या दिवशी एक रिक्षावाला सांगत होता की त्याच्या मुलीनं बऱ्याच दिवसांनी त्याच्या डब्यात भाकरीबरोबर ठेचा दिला, न मागता. तेवढंच सांगून तो बसला. वर्गातले पंखे जोरात फिरत होते, तरी त्याचं बसणं ऐकू आलं.

हवालदार बोलले ते संध्याकाळच्या वेळेबद्दल. अठराव्या वर्षी भरती, बेळगावला ट्रेनिंग, चोवीस वर्षांची नोकरी. थंडीच्या चौकीवर रम मिळायची ती मापात मिळायची, मोजून. पलटणीत प्यायचं माप दुसऱ्या कुणीतरी धरलेलं असतं, हे त्यांना निवृत्त झाल्यावर कळलं. बेचाळिसाव्या वर्षी ते कल्याणला मेव्हण्याच्या ओळखीनं आले, एका सोसायटीत सिक्युरिटीला लागले. लष्करी कॅन्टीनच्या कार्डावर स्वस्त बाटली मिळे. बिल्डिंगमधले साहेब लोक गोड बोलून म्हणत, तुमचा कोटा आणून द्या ना. आणून देता देता एक बाटली घरी राहू लागली.

पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक असेल; आपल्याकडे प्रत्येक घराण्यात एक तरी अशी गोष्ट असते. एका रात्री दाराची कडी आतून लागली ती उघडली नाही. मी त्यांच्या पत्नीला दोष देत नाही, तेही देत नाहीत. त्यानंतर अकरा महिने ते कल्याण स्टेशनाबाहेरच्या स्कायवॉकवर, एका देवळाच्या ओसरीवर आणि पावसाळ्यात फलाटावर झोपले. काळी पत्र्याची ट्रंक, वर पांढऱ्या रंगात नंबर, नाव, पलटण, ती एका पानवाल्याकडे ठेवलेली होती.

या अकरा महिन्यांत त्यांचं पेन्शन एकदाही चुकलं नाही. माझ्या मते या गोष्टीचं मर्म तिथेच आहे. रस्त्यावरचा दुसरा माणूस पैसे संपले की काही दिवस तरी नाइलाजानं कोरडा राहतो. माजी सैनिकाचे पैसे दर महिन्याला ठरल्या तारखेला येतात आणि बारवाल्याला ती तारीख पाठ असते. शिवाय कागदावर हा माणूस बेघर नाहीच. साताऱ्याकडच्या गावात सात-बाऱ्यावर भावांबरोबर त्याचं नाव आहे, ईसीएचएसचं आरोग्य कार्ड आहे, आधारवर पत्ता आहे. कुठल्याच यादीत तो निराधार ठरत नाही.

त्यांना सोडवलं ते मुक्तांगणनं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्याला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीतून सुरू केलेलं हे व्यसनमुक्ती केंद्र मराठी वाचकाला नव्यानं सांगायला नको. पस्तीस दिवसांचा मुक्काम. दारू तुटल्यावर पहिल्या काही तासांत हात कापायला लागतात, दुसऱ्या दिवसापर्यंत फिट येऊ शकते, तिसऱ्या दिवसापर्यंत भास होऊ शकतात. म्हणून हे घरी परस्पर करू नये, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावं. ते निभावलं की व्यायाम, झाडलोट, गटात बोलणं, आणि आजूबाजूला काम करणारे बरेचसे स्वतः त्यातून गेलेले. हवालदारांना तिथे पहाटे उठवलं की बरं वाटे. अंथरुणाची घडी त्यांची सगळ्यांत चोख असायची.

छत्तिसाव्या दिवशी ते गाडीनं कल्याणला उतरले. फलाटावर उभं राहून त्यांनी विचार केला, आता कुठे? आणि पाय आपोआप स्कायवॉककडे वळले.

त्या दिवशी ते प्यायले नाहीत, कारण मिटिंगमधला एक जण त्यांना घ्यायला आला होता. त्यानं आपल्या गाळ्यात चार महिने झोपू दिलं. पुढे स्वतःची खोली घेतली तेव्हा हवालदारांनी पहिल्याच आठवड्यात दुसरी खाट आणली. तिसरी वर्षभरानं. आता दुसऱ्या खाटेवर तोफखान्यातला एक निवृत्त नाईक आहे, तिसरीवर फौजी नसलेला, गोदीत काम केलेला माणूस. भाडं तिघांत सारखं. प्यायला तो त्याच रात्री बाहेर. नाईट ड्यूटी असेल तर सकाळी सातला येऊन सही करायची. तिघंही नऊला उभे राहून 'हजर' म्हणतात. नाईक मला म्हणाले, "ताई, कुणीतरी आपली वाट बघतंय एवढ्यानं सुद्धा बारसमोरून पाय पुढे पडतो."

हवालदारांना माहीत नव्हतं, पण अशीच तीन कलमं घेऊन १९७५ साली अमेरिकेत सिल्व्हर स्प्रिंगला पॉल मोलॉय आणि त्यांच्या साथीदारांनी ऑक्सफर्ड हाउस सुरू केलं: घर राहणाऱ्यांनीच मतानं चालवायचं, खर्च वाटून घ्यायचा, पिणाऱ्याला काढायचं. आज तिथे अशी हजारो घरं आहेत. आपल्याकडे कायदा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात बरं झालेल्या माणसासाठी हाफवे होम, म्हणजे इस्पितळ आणि घर यांच्यामधलं घर, हे सरकारचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे, आणि मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू-ड्रग्जमुळे येणाऱ्या अवस्थाही धरल्या आहेत. तरी जवळचंच ठाण्याचं मनोरुग्णालय घ्या, १९०१ सालचं, १८५० खाटांचं. बरे झाले पण न्यायला कुणी नाही, म्हणून मागे राहणारी माणसं अशा इस्पितळांना नवी नाहीत.

मला सारखी आठवण येत होती ती पलीकडच्या उल्हासनगरची. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांसाठी बराकी बांधल्या होत्या, जाता-येता मुक्काम करायला. फाळणीनंतर त्यांत सिंधी निर्वासित राहिले आणि १९४९ साली त्याचं उल्हासनगर झालं. रिक्षावाले अजून 'कॅम्प चार, कॅम्प पाच' असंच ओरडतात. मुक्कामाच्या बराकींतून इथे एक अख्खं शहर उभं राहिलं.

अडचणी विचारल्या तेव्हा हवालदारांनी वहीची शेवटची पानं उघडली. तिथे त्यांनी त्या तारखेनिशी लिहून ठेवल्या आहेत. घरमालकाला तीन एकटे पुरुष नको आहेत, त्यातून बेवडे होते हे कळल्यावर तर नाहीच. अकरा महिन्यांचा करार येत्या महिन्यात संपतो. नवीन खोलीचं डिपॉझिट तिघांच्या आवाक्याबाहेर आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमस मदत करू शकत नाही, कारण घर-केंद्र काहीही चालवायचं नाही, कुणाला आपलं नावही द्यायचं नाही, हीही त्यांची परंपराच. त्यामुळेच ती संघटना पैशाच्या भांडणांपासून इतकी वर्षं वाचली आहे, हे हवालदार स्वतःच मला पटवून सांगत होते. ट्रस्ट नोंदवावा तर हिशेब कोण ठेवणार? महानगरपालिकेच्या रात्रनिवाऱ्यात जावं तर तिथे रोज नवी माणसं आणि त्यातली काही प्यायलेली. लाखामागे एक निवारा हवा, हा सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या आदेशातला हिशेब धरला तर २०११ च्या जनगणनेप्रमाणे साडेबारा लाखांच्या कल्याण-डोंबिवलीत बारा निवारे लागतात. पण बारा झाले तरी त्यात नऊची हजेरी कोण घेणार, हा प्रश्न उरतोच.

आणि एक पान नुसत्या नावांचं. खाट मागायला आलेले, जागा नाही म्हणून परत गेलेले. सात नावं, त्यातली चार फौजी. दोन नावांपुढे छोटी फुली. मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, एक लोकलखाली गेला, दुसऱ्याचं लिव्हर.

पावणेनऊ झाले होते. नाईक ड्यूटीचा युनिफॉर्म बदलून आले, गोदीवाल्यांनी आमटीखालचा गॅस बंद केला. हवालदार मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आले.

"ताई, डोंबिवलीत कुणाची खोली असेल तुमच्या माहितीत तर बघा," ते म्हणाले. "चार खाटा बसतील एवढी. पाणी दोन तास आलं तरी चालेल. फक्त खाली बार नको, आणि वाइन शॉपवरून रस्ता नको."

मग घड्याळ बघून ते झपाझप मागे वळले.