धानोऱ्याची बिनकुंपणाची फळबाग

धानाची मळणी आटोपली, कोठी भरली की शेतकऱ्याला थोडी उसंत मिळते. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मात्र होळीच्या सुमारास घरोघरी टोपल्या पुन्हा बाहेर निघतात. मोहाचा हंगाम आलेला असतो. नागपूरकडे संत्र्याची बाग, कोकणात आंब्याची. तशी इथल्या कुटुंबाची बाग म्हणजे धुऱ्यावरचा मोह आणि जंगलातला चार. ही बाग कोणी लावली नाही, तिला कुंपणही नाही.

मोहफूल रात्री उमलते आणि पहाटे गळते. म्हणून बायामाणसे, पोरेसोरे उजाडण्यापूर्वीच झाडाखाली हजर. वेचलेली फुले अंगणात वाळवायची. चांगली वाळवून ओल लागू दिली नाही, तर पावसाळ्यात हातात पैसा नसताना ती उपयोगी पडतात. पुढे त्याच झाडाच्या बियांचे तेल निघते.

एप्रिल-मे महिन्यांत चार पिकतो. हिरवे फळ काळे पडले की तयार झाले. वरचा गर आंबटगोड, पोरांचा आवडता. फळे पाण्यात भिजवून चोळली की बी सुटी होते. ती वाळवून जात्यावर हलकेच भरडली आणि सुपात पाखडली की निघते ती चारोळी. शहरातल्या श्रीखंडावर, बासुंदीत पडते तीच ही! बी तशीच विकण्यापेक्षा चारोळी काढून विकली तर किलोमागे भाव कितीतरी अधिक मिळतो.

पण या बागेला दोन घातक सवयी लागल्या आहेत. मोह वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. ती आग जंगलात पसरते आणि कोवळी रोपे जळून जातात. पाला झाडून बाजूला करावा किंवा जुनी लुगडी, जाळी अंथरावी. काम तेवढेच होते. दुसरी सवय म्हणजे चाराच्या फांद्या तोडून कच्ची फळे उतरवणे. कच्च्या बीत दाणा भरलेला नसतो आणि तुटलेल्या फांदीला पुढच्या वर्षी फळ नसते.

हे कळत नाही असे कोणी नाही. मग घडते का? ‘मी थांबलो तर शेजारी नेईल,’ ही धास्ती! एकट्याच्या शहाणपणाने ती जात नाही. साऱ्या गावाने मिळून तोडणीचा दिवस ठरवावा लागतो.

धानोऱ्याजवळच्या मेंढा (लेखा) गावाने तो मार्ग दाखवला आहे. तिथली ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वांच्या सहमतीने निर्णय घेते. वनहक्क कायद्याखाली 2009 साली या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 मध्ये गावाने स्वतःच्या परवान्यावर बांबू विकला. 2006 च्या या कायद्याने मोह, चारोळीसारखी गौण वनउपज गोळा करून विकण्याचा हक्क वननिवासींना दिला आहे. हक्क आला, तशी राखणही आपल्याकडेच आली.

तेव्हा बंधुभगिनींनो, यंदा टोपली उचलण्याआधी ग्रामसभेत बसा. तोडणीचा दिवस ठरवा, आग बंद करा. प्रत्येक झाडावर थोडी फळे पाखरांसाठी आणि बियांसाठी ठेवा. चाराचे बी फार दिवस टिकत नाही. ताज्या बियांचे कवच हलके तडकवून पावसाच्या तोंडाला पिशवीत लावा. आजवर आपण आजोबांच्याही आधीची झाडे वेचत आलो. नातवंडांनी वेचावीत अशी चार झाडे आपल्या हातून उभी राहायला हवीत.