मातीच्या घड्याचे चिन्ह आणि दीपनगरची राख

खानदेशातील जुने घर म्हणजे मातीच्या भिंती, लाकडी खांब-तुळया आणि वर मातीचे धाबे. हे साहित्य कोठून आले, असे विचारण्याची वेळ कोणावर येत नसे. कारण ते गावशिवारातलेच असे. आज जळगाव किंवा धुळे जिल्ह्यात शाळेची एक खोली बांधावयाची झाली, तरी विटा, सिमेंट आणि रंग परगावाहून येतात. त्यांवर ‘हरित’, ‘पर्यावरणस्नेही’ अशी अक्षरेही असतात. गावाचा पैसा खर्च करणाऱ्या पंचायतीने या अक्षरांवर कितपत विश्वास ठेवावा?

चिन्हांचे प्रकार

अशी चिन्हे तीन प्रकारची असतात. पहिला प्रकार उत्पादकाच्या स्वतःच्या दाव्याचा. त्यामागे कोणाची तपासणी असेलच असे नाही. दुसरा, ठरलेल्या निकषांवर त्रयस्थ संस्थेने तपासून दिलेल्या चिन्हाचा. जर्मनीने १९७८ मध्ये ‘निळा देवदूत’ हे चिन्ह सुरू करून या पद्धतीचा पाया घातला. भारत सरकारची ‘इकोमार्क’ योजना १९९१ मध्ये आली. मातीचा घडा हे तिचे चिन्ह. घडा मातीतून घडतो, त्याला ऊर्जा थोडी लागते आणि फुटला तर तो मातीतच मिळतो, हा त्यामागील विचार. या योजनेला उद्योगांचा प्रतिसाद अल्प मिळाला. २०२४ मध्ये तिच्या जागी नवे इकोमार्क नियम आले. तिसरा प्रकार म्हणजे वस्तूच्या जन्मापासून अखेरपर्यंतचा पर्यावरणावरील भार आकड्यांत मांडणारे घोषणापत्र. ते माहिती देते. वस्तू चांगली की वाईट, हा निर्णय देत नाही.

‘गृह’ हे मानांकन मात्र संपूर्ण इमारतीला मिळते, एखाद्या विटेला नव्हे. हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

राखेची वीट

भुसावळजवळील दीपनगर येथील औष्णिक वीज केंद्रात कोळसा जळतो आणि राख उरते. ही राख, चुना किंवा सिमेंट, वाळू आणि जिप्सम यांचे मिश्रण यंत्रात दाबून विटा तयार होतात. त्या भट्टीत भाजाव्या लागत नाहीत. त्यामुळे शेताचा सुपीक थर वाचतो आणि भट्टीचे इंधनही वाचते. सिमेंट वापरले असेल, तर त्याच्या निर्मितीचा भार मात्र हिशेबात धरावाच लागतो.

राखेच्या वापराविषयी केंद्र शासनाची पहिली अधिसूचना सप्टेंबर १९९९ मध्ये निघाली. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनुसार, वीज केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतील बांधकामांत राखेची उत्पादने वापरणे बंधनकारक आहे. मात्र त्यांची किंमत पर्यायी वस्तूंपेक्षा अधिक नसावी, अशी अट आहे. जळगाव व धुळे हे दोन्ही जिल्हे या टापूत येतात. तथापि, राखेपासून बनलेली प्रत्येक वीट चांगलीच असते, असा याचा अर्थ नव्हे. पुरेसे पाणी न मारता घाईने विकलेली वीट कच्ची राहते आणि तिची भिंत पुढे तडकते.

पंचायतीने काय पाहावे?

प्रथम मानक चिन्ह पाहावे. राख-चुना विटांसाठी आय. एस. १२८९४ हे मानक आहे. चिन्हाखालील परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बी. आय. एस. केअर’ या भ्रमणध्वनी सुविधेवर पडताळता येतो. दुसरी तपासणी शाळेच्या प्रांगणातही होऊ शकेल. पूर्ण वाळलेली वीट तोलून २४ तास पाण्यात ठेवावी आणि पुसून पुन्हा तोलावी. सामान्य विटेचे वजन २० टक्क्यांहून अधिक वाढू नये. म्हणजे ३ किलोची वीट ३.६ किलोपेक्षा जड भरता कामा नये. भारक्षमतेची चाचणी मात्र प्रयोगशाळेतूनच करून घ्यावी.

राखमिश्रित पोर्टलंड पोझोलाना सिमेंटमध्ये मानकानुसार १५ ते ३५ टक्के राख असते. ती भेसळ नव्हे. वर्गखोलीच्या रंगाबाबत अधिक दक्षता हवी, कारण शिसे बालकांच्या मेंदूला अपायकारक आहे. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक असण्यास मनाई आहे. डब्यावरील तसा उल्लेख पाहूनच रंग स्वीकारावा.

अंतराचा प्रश्न उरतोच. दीपनगरची वीट भुसावळ तालुक्यात सोयीची ठरेल. तीच साक्री तालुक्याच्या पश्चिम टोकाला नेताना डिझेल किती जळते, हे विटेवरचे चिन्ह सांगत नाही. तेथे जवळचे साहित्यच अधिक हितावह ठरू शकते.

चिन्ह हे तपासणीचा प्रारंभ होय, शेवट नव्हे. निविदेत केवळ ‘पर्यावरणस्नेही विटा’ असे न लिहिता मानकाचा क्रमांक, विटेचा वर्ग आणि चाचणी-अहवालाची अट नमूद केली, तर ठेकेदारालाही संदिग्धतेचा आधार उरणार नाही आणि मुलांच्या डोक्यावरचे छप्पर भक्कम भिंतींवर उभे राहील.