दातांच्या दवाखान्यात दिसणारे मूत्रपिंड

‘तोंडाला वास येतो’ ही दातांच्या ओपीडीतली रोजची तक्रार. बहुतेकांच्या बाबतीत कारण तोंडातच सापडते. किटण साठलेले असते, हिरड्या सुजलेल्या असतात, दोन दाढांच्या फटीत अन्न कुजलेले असते. दात साफ करून दिले, घासायची पद्धत शिकवली की काम झाले. पण त्याच रांगेत एखादा रुग्ण असा असतो की दात साफ करूनही त्याचा वास जात नाही. जेवण बेचव लागते, तोंडात सतत लोखंडी चव असते, जीभ कोरडी पडते आणि श्वासाला उग्र अमोनियाचा दर्प येतो. हा रुग्ण दातांच्या डॉक्टरकडे आलेला असला, तरी त्याचा आजार कमरेच्या वर, पाठीच्या बाजूला आहे.

निरोगी माणसाची मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्राव गाळतात आणि त्यातला जेमतेम दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर टाकतात. हे काम मंदावले की युरिया रक्तात साठतो आणि रक्तातून लाळेत उतरतो. तोंडातल्या अनेक जिवाणूंकडे युरिएज नावाचे विकर असते. ते युरिया फोडते आणि अमोनिया तयार होतो. दर्प त्याचा. युरिया फारच वाढला तर गालाच्या आतल्या बाजूला आणि जिभेवर दुखरे पांढरे चट्टे उठतात. मलम लावून ते जात नाहीत. डायलिसिसने रक्तातला युरिया उतरला, की काही आठवड्यांत आपोआप जातात.

या अमोनियाचा आणखी एक परिणाम दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना चकवतो. दात किडतात ते जिवाणूंनी साखरेपासून केलेल्या आम्लामुळे, आणि अमोनिया ते आम्ल शमवतो. म्हणून मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्या मुलांमध्ये कीड अनेकदा अपेक्षेपेक्षा कमी सापडते, किटण मात्र भरपूर. कीड नाही म्हणजे तोंड निरोगी, असा शेरा केस पेपरवर लिहिला जातो, आणि त्याच मुलाच्या दातांवरचे एनॅमल खडबडीत, खळगे पडलेले आहे याकडे कुणाचे लक्ष जात नाही. एनॅमल एकदाच तयार होते. हाडासारखी त्याची पुन्हा बांधणी होत नाही. त्यामुळे मूल कोणत्या वयात आजारी होते, हे कोणत्या दाताच्या कोणत्या भागावर खळगे आहेत त्यावरून बऱ्यापैकी सांगता येते.

मूत्रपिंडाचे विकार आणि संप्रेरकांचे विकार बीडीएसच्या तिसऱ्या वर्षी जनरल मेडिसिनमध्ये दोन वेगळ्या प्रकरणांत शिकवले जातात. परीक्षेसाठी ते सोयीचे असेल, पण शरीरात अशी विभागणी नाही. मूत्रपिंड स्वतःच संप्रेरके तयार करते. अस्थिमज्जेला तांबड्या पेशी बनवायला लावणारे एरिथ्रोपोएटिन तिथलेच; ते घटले की हिरड्या फिकट पडतात. त्वचेत तयार होणाऱ्या किंवा आहारातून मिळणाऱ्या ‘ड’ जीवनसत्त्वावर शेवटचा संस्कारही मूत्रपिंडच करते. तो झाला नाही तर आतड्यातून कॅल्शियम नीट शोषले जात नाही. दुसरीकडे बाहेर न टाकले गेलेले फॉस्फेट रक्तात चढते. रक्तातले कॅल्शियम घसरू लागताच गळ्यातल्या पॅराथायरॉईड ग्रंथी खडबडून कामाला लागतात आणि त्यांचे संप्रेरक हाडांतून कॅल्शियम ओढून रक्तात आणते. वर्षानुवर्षे हे चालले की हाडे पोखरली जातात, आणि जबडा हे हाडच आहे.

या ग्रंथींच्या शोधात भारताचा एक धागा आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने १८३४ मध्ये एक भारतीय गेंडा विकत घेतला होता. तो १८४९ मध्ये मेला तेव्हा रिचर्ड ओवेन या शरीररचनातज्ज्ञाने त्याचे विच्छेदन केले आणि थायरॉईडला चिकटलेली एक लहानशी पिवळसर ग्रंथी नोंदवून ठेवली. माणसातल्या या ग्रंथींचे नीट वर्णन १८८० मध्ये स्वीडनमधल्या उप्साला इथल्या इवार सँडस्ट्रॉमने प्रसिद्ध केले. त्याने त्या प्रथम पाहिल्या तेव्हा तो वैद्यकीय विद्यार्थी होता. त्या ग्रंथी नेमके काय करतात, हे कळायला पुढे आणखी काही दशके जावी लागली.

त्यांची ताकद कळते चार्ल्स मार्टेल या अमेरिकी जहाजाच्या कप्तानाच्या कहाणीतून. धिप्पाड असलेला हा माणूस हाडे मोडत मोडत सुमारे सात इंचांनी बुटका झाला. १९२६ मध्ये निदान झाले की पॅराथायरॉईडचे संप्रेरक बेसुमार वाढले आहे. एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. गळ्यात गाठ सापडेना. अखेर १९३२ मध्ये, सातव्या शस्त्रक्रियेत, ती छातीच्या पोकळीत मिळाली. तोवर उशीर झाला होता: हाडांतून सुटलेल्या कॅल्शियमचे खडे त्याच्या मूत्रमार्गात जमले होते, आणि खड्यासाठी कराव्या लागलेल्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांतच तो गेला. त्याच्या बाबतीत ग्रंथी आधी बिघडली आणि मूत्रपिंडाला फटका बसला. आजच्या डायलिसिसच्या रुग्णांत उलटे घडते. मूत्रपिंड आधी बिघडते आणि ग्रंथी मागाहून. जबड्यात दिसणारी चिन्हे मात्र दोन्हीकडे सारखीच.

ती चिन्हे दातांच्या छोट्या एक्स-रेवर दिसतात. निरोगी दाताच्या मुळाभोवती हाडाची बारीक पांढरी रेघ असते, तिला लॅमिना ड्युरा म्हणतात. पॅराथायरॉईड बेबंद झाली की ती रेघ पुसट होते किंवा नाहीशी होते आणि हाडाची जाळी जाऊन जबडा दुधी काचेसारखा दिसू लागतो. क्वचित जबड्यात गाठ येते. जुन्या रक्तस्रावातल्या लोहाने ती तपकिरी होते, म्हणून तिला ब्राउन ट्यूमर म्हणतात. खऱ्या अर्थाने ती ट्यूमर नव्हेच. विद्यार्थ्यांनी इथे थांबून विचार करायला हवा, कारण या गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तो जबड्यातल्या साध्या जायंट सेल ग्रॅन्युलोमासारखाच दिसतो. नुसत्या बायॉप्सीवर भरवसा ठेवून गाठ खरवडून काढली तर मूळ आजार तसाच राहतो. रक्तातले कॅल्शियम, फॉस्फेट, क्रिएटिनिन आणि पॅराथायरॉईडचे संप्रेरक तपासले की उलगडा होतो, आणि मूळ आजारावर उपचार झाले की ही गाठ बऱ्याचदा शस्त्रक्रियेशिवाय विरते. दंतवैद्याने रक्ताचा रिपोर्ट मागवणे ही हौस नाही, याचे याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

आता मधुमेहाकडे वळू. इन्शुलिन हे संप्रेरकच, आणि मूत्रपिंडे निकामी होण्यामागे मधुमेह हे सर्वांत मोठे कारण. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत आणि आणखी १३.६ कोटी लोक उंबरठ्यावर आहेत. मधुमेहात साधारण तिघांतल्या एकाच्या मूत्रपिंडांना इजा होते. हिरड्यांच्या आजाराला हॅराल्ड लो या नॉर्वेजियन तज्ज्ञाने १९९३ मध्ये मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटले. साखर वाढली की पायरिया बळावतो, हे सर्वांना ठाऊक असते. उलट दिशेनेही परिणाम होतो. हिरड्यांवर नीट उपचार केले तर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे मागच्या काही महिन्यांतल्या साखरेचे माप, सरासरी ०.३ ते ०.४ टक्क्यांनी उतरते. आकडा लहान वाटतो, पण दुसरी गोळी जोडल्यावर कधी कधी एवढाच फरक पडतो.

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या पिमा जमातीत मधुमेहाचे प्रमाण फार मोठे आहे. तिथल्या मधुमेहींचे दात आणि मूत्रपिंडे दोन्ही संशोधकांनी पाहिली आणि काहींचा पाठपुरावा २२ वर्षांपर्यंत केला. २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: ज्यांच्या हिरड्यांचा आजार तीव्र होता, त्यांची मूत्रपिंडे पूर्ण निकामी होण्याचे प्रमाण निरोगी किंवा सौम्य आजाराच्या हिरड्या असलेल्यांच्या तिपटीहून अधिक होते. अशा पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. ज्याची साखर हाताबाहेर गेली आहे त्याची हिरडीही बिघडते आणि मूत्रपिंडही, असे असू शकते. तरी हिरडीतून रोज झिरपणारी सूज संपूर्ण शरीराला सोसावी लागते, एवढे मान्य करायला हरकत नसावी. मधुमेहाच्या तपासण्यांच्या यादीत डोळे, पाय आणि लघवी असते. हिरड्या तिथे सहसा नसतात, याचे मला वाईट वाटते.

मधुमेह आणि तोंडाच्या या नात्याचे भयंकर रूप महाराष्ट्राने २०२१ मध्ये पाहिले. करोनातून उठलेल्या, स्टेरॉइड घेतलेल्या, साखर चढलेल्या रुग्णांचे वरचे दात अचानक हलू लागले, टाळू काळी पडली. मुंबई-पुण्या-नागपुरातल्या कितीतरी दंतवैद्यांसमोर म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार आधी हलणारा दात म्हणूनच आला. ज्यांनी ‘दात हलतोय, काढून टाकू’ असे न म्हणता आधी साखर तपासली, त्यांनी रुग्णाचा डोळा आणि जीव वाचवण्याची शक्यता वाढवली.

बाकीच्या ग्रंथींच्या खुणा थोडक्यात. पिट्यूटरीच्या गाठीमुळे वाढीचे संप्रेरक जास्त झाले की प्रौढ वयात खालचा जबडा पुढे येतो, दातांत फटी पडतात, चांगली बसणारी कवळी बसेनाशी होते. जन्मतः थायरॉईड मंद असेल तर दात उशिरा येतात आणि जीभ मोठी दिसते. ॲडिसनच्या आजारात ॲड्रिनल ग्रंथी निकामी होतात, आपल्याकडे अजूनही कित्येकदा क्षयरोगाने, आणि गालाच्या आत तपकिरी-काळे डाग उमटतात. आपल्या लोकांच्या हिरड्या मुळातच काळसर असतात. शिवाय मिश्री लावणाऱ्या बायकांची हिरडी वेगळीच रंगलेली असते. त्यामुळे ‘हा रंग लहानपणापासून आहे की वर्षभरात आला?’ हा एक प्रश्न विचारलाच पाहिजे. नवा डाग, थकवा आणि सतत उतरलेला रक्तदाब असा मेळ असेल, तर त्या रुग्णाची दाढ फिजिशियनला विचारल्याशिवाय काढू नये. दाढ काढण्याचा ताणही त्याला झेपणार नाही.

मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाच्या तोंडात औषधेही खुणा ठेवतात. बोस्टनमध्ये २३ डिसेंबर १९५४ रोजी पहिले यशस्वी प्रत्यारोपण झाले ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये, म्हणून शरीराने परके मूत्रपिंड झिडकारण्याचा प्रश्नच नव्हता. इतरांसाठी मार्ग सुकर केला तो प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या सायक्लोस्पोरिन या औषधाने. नॉर्वेच्या पठारावरून आणलेल्या मातीतल्या बुरशीत ते सापडले. पण काहींच्या हिरड्या त्याने फुगतात, विशेषतः पुढच्या दातांमधल्या, आणि दात अर्धे झाकले जातात. रक्तदाबासाठी सोबत निफेडिपिन किंवा ॲम्लोडिपिन असेल तर आणखीच. आता बहुतेकांना टॅक्रोलिमस दिले जाते, त्यात हा त्रास बराच कमी आहे. हिरडी कापण्याआधी औषध बदलता येईल का, हे नेफ्रॉलॉजिस्टला विचारावे.

आणि दंतवैद्य स्वतः लिहून देतो त्या औषधाचे काय? दाढ दुखली की आपल्याकडे माणूस आधी मेडिकलवाल्याकडे जातो आणि डायक्लोफेनॅकची किंवा तसलीच गोळी घेतो. दंतवैद्यही तीच लिहितो. मूत्रपिंडात रक्त आणणारी बारीक नलिका प्रोस्टाग्लँडिनमुळे उघडी राहते आणि ही गोळी नेमके तेच थांबवते. निरोगी माणसाला दोन-तीन दिवस ते चालून जाते. मूत्रपिंड आधीच अर्धे थकलेले असेल, रुग्ण रक्तदाबाच्या आणि लघवीच्या गोळ्या घेत असेल, उन्हाळा असेल आणि पाणी कमी प्यायला असेल, तर उरलेले कामही ठप्प होऊ शकते. भारतीय उपखंडातली गिधाडे याच औषधाने मेली. जनावरांना दिलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून त्यांच्या पोटात गेले आणि मूत्रपिंडे निकामी होऊन ती संपली. २००४ मध्ये हे कारण उघड झाले, २००६ मध्ये भारताने गुरांसाठी ते बंद केले. माणसाचे शरीर गिधाडाइतके नाजूक नाही, पण मूत्रपिंडाच्या रुग्णाला दातदुखीसाठी पॅरासिटामॉलच द्यावे, तेही मापात.

डायलिसिसवरच्या रुग्णाला पहिला प्रश्न असा विचारावा: डायलिसिस कोणत्या वारी असते? मशीनवर असताना रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात. त्याचा असर काही तासांत उतरतो, म्हणून दात काढायला डायलिसिसनंतरचा दिवस सर्वांत चांगला. त्या दिवशी रक्तही स्वच्छ असते आणि रुग्णाचा शीणही गेलेला असतो. प्लेटलेट्सची संख्या रिपोर्टमध्ये ठीक दिसली तरी युरियामुळे त्या नीट काम करत नाहीत, तेव्हा टाके आणि दाबपट्टीची तयारी ठेवावी. डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी फिस्टुला केलेल्या हातावर रक्तदाबाचा पट्टा बांधू नये. भुलीसाठीचे लिडोकेन यकृतात मोडते, त्यामुळे ते बेतशीर प्रमाणात चालते. पाण्यावर बंधन असल्याने अशा रुग्णाचे तोंड सुकते, म्हणून गिळायचे नाही अशी चूळ भरायला किंवा बर्फाचा लहानसा तुकडा चघळायला सांगावे. तेवढ्यानेही त्याला आराम वाटतो.

प्रत्यारोपणाआधी रुग्णाला दंततपासणीचा दाखला आणायला सांगतात, कारण नंतर आयुष्यभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यायची असतात आणि मुळाशी लपलेला पू तेव्हा रक्तात पसरू शकतो. हा दाखला बहुतेकदा इंटर्नच्या हाती येतो आणि तोंड उघडायला लावून, आरसा फिरवून त्यावर ‘फिट’ लिहिले जाते. संपूर्ण तोंडाचा एक्स-रे काढल्याशिवाय आणि हिरड्यांची खोली प्रोबने मोजल्याशिवाय त्यावर सही करू नये. दान केलेले मूत्रपिंड बहुधा त्या रुग्णाच्या आईचे किंवा पत्नीचे असते.